थर्माकोलचा ज्वालामुखी अमेरिकेत का चालत नाही?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात सहावी ते बारावीतलं लेकरू असेल, किंवा तुम्ही शाळेत शिकवत असाल, तर शेवटपर्यंत वाचा.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. शाळेच्या पटांगणात मंडप पडतो. टेबलावर पांढऱ्या चादरी, मागे रंगीत तक्ते. इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी असतो, पवनचक्की असते, ठिबक सिंचनाचं मॉडेल असतं. आणि कुठल्यातरी कोपऱ्यात थर्माकोलचा ज्वालामुखी असतोच असतो. खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि लाल रंग टाकला की फसफसून लाव्हा बाहेर. पाहुणे फीत कापतात, "यातूनच उद्याचे कलाम घडणार" असं भाषण होतं, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि ज्वालामुखी शाळेच्या माळ्यावर जातो.

मग कधीतरी बातमी येते की अमुक शहरातल्या मुलांनी आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळाव्यात आपला शोध मांडला. आपण ती फॉरवर्ड करतो, खाली अभिनंदन लिहितो. पण शाळेचं पटांगण आणि तो परदेशातला हॉल या दोन टोकांच्या मध्ये नेमकं काय असतं, हे आपण कधी विचारत नाही. "पोरगं हुशार असेल" म्हणून सोडून देतो.

या मेळाव्यांचा शंभर वर्षांचा इतिहास वाचला तर दिसतं वेगळंच. हुशारी लागतेच, पण ती सगळीकडे असते. ज्या गावांनी मुलं पुढे पाठवली, त्यांनी आधी गावात काहीतरी उभं केलेलं असतं.

सुरुवात अमेरिकेतून करू, कारण ही कल्पना तिथेच वाढली. आणि ती वाढवली कोणी? एका पेपरवाल्याने. ई. डब्ल्यू. स्क्रिप्स हा तिकडचा मोठा वृत्तपत्र मालक. त्याने १९२१ मध्ये विल्यम रिटर या प्राणिशास्त्रज्ञाला सोबत घेऊन 'सायन्स सर्व्हिस' नावाची संस्था काढली. काम एकच, विज्ञानाच्या बातम्या साध्या भाषेत लिहायच्या आणि देशभरातल्या पेपरांना पुरवायच्या. १९२८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या संस्थेने तिथल्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात मुलांचा विज्ञान मेळावा भरवला. पुढे शाळाशाळांत विज्ञान मंडळं निघाली, आणि १९४० च्या दशकात त्या मंडळांचं काम सायन्स सर्व्हिसने हाती घेतलं.

राष्ट्रीय मेळावा भरायला मात्र १९५० साल उजाडलं. ठिकाण फिलाडेल्फिया, आणि अंतिम फेरीत मुलं किती? फक्त ३०. ती तीस मुलं आपापल्या गावच्या मेळाव्यात जिंकून आलेली होती, आणि अनेक शहरांत ते गावचे मेळावे भरवण्यामागे तिथलं स्थानिक वर्तमानपत्र उभं होतं. पेपरने मेळावा भरवायचा, जिंकलेल्या मुलाला राष्ट्रीय फेरीला पाठवायचं आणि त्याची बातमी छापायची. म्हणजे शिडीची खालची पायरी आधी बांधली, शेंडा नंतर आला.

मग ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिका खडबडून जागी झाली आणि शाळेतल्या विज्ञानाला एकदम देशाच्या सुरक्षेचं महत्त्व आलं. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, जपान, कॅनडा आणि जर्मनी यांचा सहभाग झाला आणि मेळावा आंतरराष्ट्रीय झाला. आज ज्याला 'आयसेफ' म्हणतात तो हाच. १९९७ ते २०१९ इंटेल कंपनी त्याची प्रायोजक होती, आता रीजेनेरॉन ही औषध कंपनी आहे. दर मे महिन्यात अमेरिकेतल्या एखाद्या शहरात साठहून जास्त देशांतली दीड हजाराच्या वर मुलं जमतात.

आता १९५८ हे साल जरा लक्षात ठेवा. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या संसदेसमोर भारताचा विज्ञान धोरणाचा ठराव आला. आणि त्याच वर्षी २३ ऑगस्टला आपल्या शहरात मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, उद्घाटनाला पंडित नेहरू आले होते. तिकडे मेळावा आंतरराष्ट्रीय होत होता, तेव्हा इकडे आपल्याला पहिलं विद्यापीठ मिळत होतं. निजामाच्या राजवटीतून बाहेर पडून जेमतेम दहा वर्षं झालेली. त्याआधी १९२३ चं सरकारी कॉलेज आणि १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेलं मिलिंद, एवढाच आपला उच्च शिक्षणाचा पाया. सुरुवात आपण उशिरा केली, हे खरंच आहे. पण उशिरा सुरुवात करूनही पुढे जाता येतं का? त्यासाठी आयर्लंडकडे बघू.

१९६३ मध्ये डब्लिनच्या विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे दोन शिक्षक, टोनी स्कॉट आणि फादर टॉम बर्क, संशोधनाच्या कामासाठी अमेरिकेत न्यू मेक्सिकोला गेले होते. फादर बर्क हे धर्मगुरू आणि प्राध्यापक दोन्ही. तिथे त्यांनी शाळेच्या मुलांचा मेळावा पाहिला. मायदेशी परतल्यावर त्यांनी ठरवलं, हे आपल्याकडे झालंच पाहिजे. १९६५ मध्ये डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये पहिलं प्रदर्शन भरलं, मुलं आली २३०. पहिलं बक्षीस मिळालं जॉन मोनाहन नावाच्या मुलाला, पोटातलं पचन कसं होतं हे मांडल्याबद्दल. पुढे तो शास्त्रज्ञ झाला आणि जैवतंत्रज्ञानाची कंपनीही काढली. चाळीस वर्षांनी, २००५ मध्ये, त्याच प्रदर्शनात टिपररीच्या खेड्यातला सोळा वर्षांचा पॅट्रिक कॉलिसन पहिला आला. विषय होता संगणकाची एक नवी भाषा. नंतर त्याने भावाला घेऊन 'स्ट्राइप' ही पैशांचे ऑनलाइन व्यवहार हाताळणारी कंपनी उभी केली.

आता हिशोब बघा. १९६५ च्या सुमाराला अख्ख्या आयर्लंडची लोकसंख्या २९ लाखांच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत आपल्या एका जिल्ह्याची लोकसंख्या ३७ लाख आहे. गरीब, शेतीवर जगणारा, पोरं परदेशी जाताना बघणारा तो देश होता. दोन मास्तरांनी मनावर घेतलं आणि दरवर्षी न चुकता साठ वर्षं एक गोष्ट चालू राहिली. यात आपल्याला न जमण्यासारखं काय आहे, सांगा.

बरं, "आपल्याकडे शोधक वृत्तीच नाही" असं कोणी म्हणत असेल तर त्याला शंकर आबाजी भिसे यांचं नाव सांगा.

भिसे १८६७ मध्ये मुंबईत जन्मले. चौदाव्या वर्षी घरच्या घरी कोळशापासून गॅस काढायचा प्रयोग करणारा हा मुलगा. विशीत त्यांनी मुंबईत एक 'सायंटिफिक क्लब' काढला आणि 'विविध कला प्रकाश' नावाचं मराठी मासिक चालवलं. विज्ञान सामान्य माणसाला त्याच्या भाषेत कळावं हाच हेतू. १८९० च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या एका शोधकांच्या नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. भिस्यांनी आराखडा पाठवला तो किराणा आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राचा. म्हणजे वाण्याच्या दुकानातला रोजचा प्रश्न. आणि मुंबईतल्या या तरुणाने ती स्पर्धा जिंकली. आंतरराष्ट्रीय मंचावर मराठी तरुणाने शोध मांडल्याची ही सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.

पुढे भिसे लंडनला गेले. तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना हात दिला, धंद्यात भागीदारीही केली. छपाईचे खिळे झपाट्याने पाडणारं 'भिसोटाइप' हे त्यांचं यंत्र जाणकारांनी वाखाणलं. पण ते बाजारात आणायचं तर भांडवल लागतं. कधी लंडनमधलं आश्वासन हवेत विरलं, कधी रस्सा हातात येतायेता सुटला. १९०८ मध्ये निराश होऊन परत येताना बोटीवर गोपाळ कृष्ण गोखल्यांची गाठ पडली आणि त्यांनी रतन टाटांशी ओळख करून दिली. टाटांनी काही वर्षं पैसा लावला, तोही उद्योग पुरा पडला नाही. शेवटी भिसे अमेरिकेत गेले, तिथे आयोडीनचं एक औषध काढून त्यांना थोडं स्थैर्य मिळालं. तिकडच्या पेपरांनी त्यांना 'भारताचा एडिसन' म्हटलं. १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्येच ते गेले. आज त्यांच्या नावाचा धडा किती मुलांना माहीत आहे?

भिस्यांकडे बुद्धी होती, चिकाटी होती, मोठ्या माणसांची ओळखही होती. नव्हती ती मागची व्यवस्था. प्रत्येक पायरी त्यांना स्वतःच, एकट्याने, कोणाच्या तरी मेहेरबानीवर शोधावी लागली. एडिसनकडे स्वतःची प्रयोगशाळा होती, कारागीर होते, भांडवल होतं. आपण फक्त पुतळ्यासारखी नावं लक्षात ठेवतो, त्यामागचा कारखाना विसरतो.

मग स्वातंत्र्यानंतर आपण काही केलंच नाही का? केलं ना. १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद निघाली. १९७१ पासून एनसीईआरटी मुलांचं राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शन भरवते आहे. आपली तालुका, जिल्हा, राज्य अशी प्रदर्शनांची उतरंड त्याच साखळीतली. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद आहे, तिथे तर नियमच असा की मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन त्यावर प्रत्यक्ष अभ्यास करायचा. इन्स्पायर-मानक योजनेत शाळा मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवते आणि निवडलेल्या मुलाला मॉडेल करायला १० हजार रुपये मिळतात. तिथून वर गेलेल्या काही मुलांना जपानची 'साकुरा' भेटही घडते. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या, शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान. आणि आयसेफला जायचं तर 'आयरिस' नावाच्या राष्ट्रीय मेळाव्यातून भारताचा संघ निवडला जातो.

म्हणजे कागदावर शिडी आहे. मग पायऱ्या कुठे तुटतात?

पहिली तुटते ती प्रकल्प म्हणजे काय या समजुतीपाशी. आपल्याकडे प्रकल्प म्हणजे मॉडेल. आयसेफमध्ये प्रकल्प म्हणजे प्रश्न. तिथले नियम वाचण्यासारखे आहेत. प्रयोग सुरू करण्याआधी संशोधनाचा आराखडा लिहून द्यायचा. माणसांवर, प्राण्यांवर किंवा घातक रसायनांवर काम असेल तर आधी समितीची परवानगी घ्यायची. रोजची नोंदवही ठेवायची. एका संघात जास्तीत जास्त तीन मुलं. काम बारा महिन्यांच्या आतलं हवं, जुनाच प्रकल्प रंग लावून चालत नाही. आणि स्टॉलवर काय मांडायचं? फलक, आलेख, फोटो, वही. झाडं, प्राणी, माती, रसायनं, खाद्यपदार्थ, ज्योत, एवढंच काय साधं पाणीसुद्धा मांडायला बंदी! सोडा-व्हिनेगरच्या आपल्या ज्वालामुखीला तर हॉलच्या दारातच अडवतील.

परीक्षक येतात आणि मुलाशी बोलतात. "हा नमुना एवढाच का घेतला?" "निकाल उलटा आला असता तर काय केलं असतंस?" "यातलं तू स्वतः काय केलंस आणि सरांनी काय केलं?" पालकांनी रात्री जागून केलेलं मॉडेल या तिसऱ्या प्रश्नापुढे एक मिनिट टिकत नाही.

दुसरी पायरी तुटते ती मार्गदर्शनापाशी. २००६ च्या आयसेफमध्ये पुण्याच्या हंसा पद्मनाभन यांना भौतिकशास्त्रात दुसरं पारितोषिक मिळालं, आणि एका लघुग्रहाला त्यांचं नाव दिलं गेलं, क्रमांक २१५७५. मोठ्या पारितोषिकांच्या विजेत्यांची नावं लघुग्रहांना द्यायची अशी तेव्हा तिथली पद्धत होती. पुढे त्या खगोलभौतिकीच्या संशोधक झाल्या. कर्तृत्व त्यांचंच, त्यात शंका नाही. पण त्यांचे वडील थाणू पद्मनाभन हे पुण्याच्या आयुकातले नामवंत शास्त्रज्ञ होते. म्हणजे अडलेला प्रश्न विचारायला घरातच माणूस होतं. आता कन्नडच्या, सोयगावच्या, पैठणच्या एखाद्या मुलीला तेवढंच कुतूहल आहे असं समजा. तिने कोणाला विचारायचं? ज्या घरात शास्त्रज्ञ नाही, त्या घरासाठी गावाला शास्त्रज्ञाचं घर व्हावं लागतं.

हे नुसतं बोलायला ठीक आहे, करून कोणी दाखवलंय का? दाखवलंय, तेही आपल्याच राज्यात. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे, पाण्याची बोंब असलेलं. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग तिथे गेले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शिकायला कोण? शाळेतून गळालेली खेड्यातली पोरं. शिकवायची पद्धत काय? हाताने काम करा, गावाचा प्रश्न सोडवा, त्यातून विज्ञान शिका. जुन्या जीपचे सुटे भाग वापरून त्यांनी 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टर केला, घुमटाकार स्वस्त घरं बांधली. ते बघून अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड प्रभावित झाले आणि २००२ मध्ये एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक पाबळला सुरू झाली. आज जगभर अशा लॅबचं जाळं आहे. त्याची सुरुवातीची गाठ दहावी नापास पोरांच्या गावात बांधली गेली. ती मुलं एमआयटीला गेली नाहीत, एमआयटी पाबळला आली.

आता आपल्या शहराकडे या.

संभाजीनगरात काय नाही हो? चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या वसाहतींत सीएनसी मशीनवर मायक्रॉनमध्ये काम करणारे कारागीर आहेत. इंडो-जर्मन टूल रूम आहे. प्लास्टिकसाठी सिपेट आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे. पाणी आणि जमीन या विषयासाठी कांचनवाडीला वाल्मी आहे, हिमायतबागेत फळ संशोधन केंद्र आहे, विद्यापीठात रसायनशास्त्रापासून जीवशास्त्रापर्यंत विभाग आहेत. एमजीएमच्या आवारात कलामांच्या नावाचं अंतराळ विज्ञान केंद्र आहे. आणि पेपर? मराठीत, उर्दूत, हिंदीत, पेपरांचं तर हे गावच आहे.

अहो, हे शहर वसलंच अभियांत्रिकीवर. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातलं पाणी नहरीने शहरात आणलं. पुढच्या शतकात त्याच विद्येवर पाणचक्की फिरली. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार आणि दाबाचा हिशोब. आपण तिथे पाहुण्यांना घेऊन जातो, फोटो काढतो. पण मातीच्या नळांतून पाणी वर कसं चढलं हे किती शाळांनी मुलांना मोजायला लावलं?

आणि प्रश्नांची तर आपल्याकडे श्रीमंती आहे! हे थट्टेने म्हणत नाही. एक उदाहरण देतो.

पैठणला जायकवाडी १९७६ मध्ये पूर्ण झालं. तरीही गेली कित्येक वर्षं शहराच्या अनेक भागांत नळाला पाणी येतं ते पाच-पाच, आठ-आठ दिवसांनी. म्हणून आपण पाणी साठवतो, ड्रममध्ये, हौदात, गच्चीवरच्या काळ्या टाकीत. नळाच्या पाण्यात निदान लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं भारतीय मानक सांगतं. पण हे क्लोरीन वेळेनुसार, उन्हाने, उष्णतेने उडून जातं. मग प्रश्न असा, की आपल्या घरातल्या साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन नेमकं कितव्या दिवशी संपतं? झाकलेल्या आणि उघड्या ड्रममध्ये फरक किती? मे महिन्यात आणि डिसेंबरात किती? डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत होते. म्हणजे पाण्याच्या पाळीत आणि डासाच्या वाढीत शर्यत लागते. पाळी एक दिवसाने लांबली तर काय होतं?

याला लागतं काय? गल्लीतली तीस घरं, ग्रामपंचायतीचा पाणीवालासुद्धा वापरतो तसलं क्लोरीन तपासायचं किट, थर्मामीटर, एक वही आणि तीन मुलं. ते तपासणीचं द्रावण हाताळताना शेजारी मोठं माणूस पाहिजे, तेवढी काळजी घ्यायची. सहा महिने रोज मोजा. वाल्मीच्या एखाद्या अभ्यासकाला, विद्यापीठातल्या एखाद्या प्राध्यापकाला महिन्यातून एकदा वही दाखवा. निकाल काही का येईना, त्यातून संशोधन उभं राहतं. कॅलिफोर्नियातल्या मुलाला हा प्रश्न सुचणार नाही, कारण त्याच्या नळाला चोवीस तास पाणी आहे. तुमच्या मुलीला सुचू शकतो, कारण पाणी आलं की तीच पाइप धरायला पळते. आणि समजा ती आयसेफला नाही पोचली, तरी महापालिकेच्या हातात एक खरा तक्ता पडेल आणि तीस घरांना कळेल की सहाव्या दिवसाचं पाणी उकळायचं की नाही.

आता पालकांसाठी एक सावधगिरीची गोष्ट. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द हल्ली फार स्वस्त झालाय. फी भरा, विमानाचं तिकीट काढा, स्टॉल लावा आणि सुवर्णपदक घेऊन या, अशीही ठिकाणं निघाली आहेत. मुलांचा यात काही दोष नाही. पण कर्ज काढण्याआधी चार प्रश्न विचारा. निवड कोणी आणि कुठल्या फेऱ्यांतून केली? परीक्षक मुलाशी किती वेळ बोलणार? किती प्रकल्पांत किती सुवर्णपदकं वाटतात? आणि नोंदवही कोणी मागतं का? वही कोणी मागतच नसेल, तर ती सहल समजा. सहलीला जायला हरकत नाही, पण तिला सहलच म्हणावं.

पत्रकार मित्रांनाही हात जोडून सांगणं. "नववीच्या विद्यार्थ्याने लावला कर्करोगावर शोध" असले मथळे देऊ नका. त्या पोराचं त्याने नुकसानच होतं. त्यापेक्षा त्याने काय मोजलं, किती वेळा चुकलं, ते छापा. स्क्रिप्सने संस्था काढली ती विज्ञान नीट छापलं जावं म्हणूनच. जपानमध्येही शाळकरी मुलांच्या विज्ञान पुरस्काराची परंपरा १९५७ मध्ये योमिउरी या वर्तमानपत्रानेच सुरू केली. आपल्या शहरातल्या एखाद्या पेपरने 'जिल्ह्याची वही' म्हणून दर महिन्याला एका शाळेचा एक प्रकल्प छापला, तर पाच वर्षांत साठ प्रकल्प होतील.

बाकी करायचं काय, तर तीनच गोष्टी सुचतात.

एक, तालुका प्रदर्शनात मॉडेलच्या शेजारी नोंदवही असलीच पाहिजे, आणि गुण वहीला जास्त द्यावेत. याला शासनाच्या जीआरची वाट बघायची गरज नाही, परीक्षकांनी ठरवलं तरी पुरे.

दोन, औद्योगिक वसाहतींतल्या संघटनांनी महिन्याचा एक शनिवार शाळेच्या मुलांसाठी वर्कशॉप उघडं ठेवावं. मुलाला एक लोखंडी तुकडा लेथवर फिरताना बघू द्या, मापात कसं बसवतात ते बघू द्या. सुट्या भागांना पैसे नसतील तर भंगारातला मोटर-पंप द्या. मेकबुलही जुन्या जीपमधूनच आला होता.

तीन, विद्यापीठ आणि कॉलेजांतल्या शिक्षकांनी एकेक शाळा दत्तक घ्यावी. पैसे नकोत, महिन्याला दोन तास हवेत. आयर्लंडमध्ये सुरुवात दोघांनीच केली होती, आपल्याकडे तर शेकडो आहेत.

यातलं काही आधीच करणारे शिक्षक आपल्या जिल्ह्यात आहेत, पदरमोड करून, सुट्टीच्या दिवशी. त्यांची बातमी होत नाही. तुमच्या माहितीत असे कोणी असतील तर खाली कमेंटमध्ये शाळेचं आणि गावाचं नाव जरूर लिहा, मुलांची नावं मात्र टाकू नका. आणि पाणी साठवण्याच्या प्रश्नावर काम करायला कुठल्या शाळेची तयारी असेल तर तेही लिहा. यंदाच्या प्रदर्शनाला अजून वेळ आहे, पाण्याची पाळी मात्र याच आठवड्यात येईल. मोजायला तेव्हापासून सुरुवात करता येईल.